ठिगळाची लाज कशाला?

‘लेखाचा विषय काय, तर बाथरूममधल्या टाइल्स!’ असे म्हणून पुष्कळ वाचक हे पान उलटतील, याची मला कल्पना आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकात शोभणारे विषय वेगळे असतात. तरुण पिढीची जबाबदारी, साहित्य आणि समाज, शिक्षणाचे माध्यम असे काहीतरी भारदस्त हवे. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी अकरा टाइल्सवरून जो वाद झाला, त्याने मला जेवढा विचार करायला लावला तेवढा एखाद्या परिसंवादानेही लावला नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची इमारत १९८४ सालची. तीन मजली, लिफ्ट नसलेली, पुण्यात त्या काळी सोसायट्या बांधल्या जात तशीच. बाथरूमच्या भिंतींना सात फुटांपर्यंत सहा इंची चौरस, फिकट पिस्ता रंगाच्या ग्लेझ टाइल्स आहेत. जागा घेतली तेव्हा पांढऱ्या टाइल्स भावात बसत होत्या, रंगीत हव्या असतील तर वरचे पैसे भरावे लागणार होते. आजोबांनी ते भरले, ही आमच्या घरातली ऐकून ऐकून पाठ झालेली गोष्ट. दिवाळीच्या आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली. काकू भांडायला आल्या नाहीत. ‘वहिनी, जरा खाली येऊन बघता का?’ एवढेच त्या आईला म्हणाल्या, आणि त्यामुळेच आम्हांला अधिक ओशाळल्यासारखे झाले.

प्लंबरने येऊन निदान केले. भिंतीत गाडलेला लोखंडी पाइप आतून गंजून सडला होता. त्या काळी सगळीकडे असेच जस्ताचा मुलामा दिलेले पाइप भिंतीत गाडत. तो मुलामा जन्मभर पुरत नाही. तीस-चाळीस वर्षांत तो झिजतो, लोखंड उघडे पडते, आणि पाणी आपली वाट शोधते. प्लंबरने पाइपाच्या रेषेत छिन्नी चालवली, नवा सीपीव्हीसीचा पाइप बसवला, गळती थांबली, काकूंचे छत हळूहळू सुकू लागले. मागे राहिली ती बादलीवरच्या नळापासून थेट वरपर्यंत गेलेली अकरा टाइल्सची उभी जखम.

आता प्रश्न आला की, या अकरा टाइल्सचे करायचे काय?

घरात तीन मते पडली. बाबांचे म्हणणे, ‘तसल्याच टाइल्स शोधून आणू. कुठेतरी मिळतीलच.’ मामा म्हणाला, ‘भाऊजी, चाळीस वर्षांचे बाथरूम आहे ते! सगळे उखडून टाका आणि एकदाच नवे करा. ठिगळे लावत बसू नका. उद्या घरात चार माणसे येतील, ती काय म्हणतील?’ आजी ऐंशी ओलांडलेली. ती म्हणाली, ‘काहीही लावा, पण मला माझ्या बाथरूममध्ये अंघोळ करू द्या.’ आमच्याकडे न्हाणीघर एकच. सगळे उखडायचे म्हणजे निदान तीन आठवडे शेजाऱ्यांकडे बादली घेऊन जायचे. मामाने आणलेल्या कंत्राटदाराने हिशेब सांगितला सव्वा लाखाचा. बाबांच्या निवृत्तीला एक वर्ष उरले आहे आणि धाकट्या भावाच्या वसतिगृहाची फी भरायची आहे. हा सगळा संदर्भ त्या अकरा टाइल्सना होता, म्हणून हा वाद नुसता रंगाचा नव्हता.

पहिल्यांदा बाबांच्या मताप्रमाणे शोध सुरू झाला. फुटलेल्या टाइलचा एक बरा तुकडा रुमालात गुंडाळून मी आणि बाबा दुकानांमागून दुकाने फिरलो. चकचकीत दालनांत तुकडा काढून दाखवला की विक्रेता प्रथम हसायचा, मग सौजन्याने म्हणायचा, ‘ताई, हा साइजच आता चालत नाही.’ आता भिंतीला लावतात त्या टाइल्स एक फूट बाय दीड फूट, नाहीतर एक फूट बाय दोन फूट. जमिनीला दोन बाय दोन, दोन बाय चार. सहा इंची टाइल बाजारातून जवळजवळ हद्दपार झाली आहे. एका जुन्या दुकानदाराने मात्र आमचा तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, पट्टीने मोजला आणि आम्हांला टाइल्स कशा असतात याचा एक तासच घेतला. त्या गृहस्थांमुळे मला जे समजले ते इथे सांगते. ज्यांच्या घरी आज ना उद्या हा प्रसंग येणार आहे, त्यांना ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट मापाची. आमची टाइल भरली १५२ मिलिमीटर, म्हणजे अस्सल सहा इंच. आज जी थोडीफार ‘सहा इंची’ टाइल मिळते ती असते १५ सेंटिमीटरची, म्हणजे १५० मिलिमीटर. फरक दोनच मिलिमीटरचा. पण एकावर एक चौदा टाइल्स रचल्या की तो होतो २८ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून अधिक. शेजारच्या जुन्या रांगांच्या रेषा एकीकडे आणि नव्या रांगेच्या दुसरीकडे. दुसरी गोष्ट जाडीची. आमची टाइल पाच मिलिमीटर जाड, नवी आठ. ती तशीच बसवली तर भिंतीतून पुढे येणार, आणि त्या कडेवर साबणाचा मळ साठणार. तिसरी गोष्ट टाइलच्या अंगाची. भिंतीच्या जुन्या टाइल्सचे अंग भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र असते. लावण्याआधी त्या पाण्यात भिजत घालाव्या लागत, नाहीतर सिमेंटातले पाणी त्याच पिऊन टाकत. याउलट हल्ली लोक जमिनीसाठीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स भिंतीलाही लावतात. त्या जवळजवळ पाणी पीतच नाहीत. अर्ध्या टक्क्याहून कमी. अशी टाइल नुसत्या सिमेंटच्या लगद्यावर चिकटवली, तर ती काही दिवसांनी अलगद सुटून येते. तिला वेगळा चिकटवणारा मसाला लागतो. जुन्या पद्धतीने नवी टाइल बसवणे हे पुष्कळ डागडुज्या फसण्याचे कारण आहे.

आणि चौथी गोष्ट रंगाची, जिच्यासाठी आम्ही एवढे फिरलो. दुकानदारांनी एका खोक्यावरचे छापील अक्षर दाखवले. प्रत्येक खोक्यावर मापाबरोबर शेड आणि लॉट यांचे क्रमांक असतात. एकाच कारखान्यातला, एकाच नावाचा, एकाच रंगाचा माल; तरी या महिन्याचा लॉट आणि पुढल्या महिन्याचा लॉट तंतोतंत जुळेलच असे नाही. माती निराळ्या खाणीतून आली, झिलईत टाकलेले रंगद्रव्य किंचित कमीजास्त झाले, भट्टीचे तापमान थोडे हलले, की शेड बदलली. या महिन्याची पुढच्या महिन्याला जुळत नाही, तिथे १९८४ ची आज कशी जुळायची? आज आपल्या देशातल्या सिरॅमिक टाइल्सपैकी बहुतेक माल गुजरातमधल्या मोरबी परिसरात तयार होतो. पूर्वी टाइल भाजायला लांबलचक भट्टीत खूप वेळ लागे. आताच्या रोलर भट्टीतून ती तासाभराच्या आत बाहेर पडते. नक्षी पूर्वी जाळीतून किंवा रुळावरून छापत, आता संगणकावरून थेट उमटवतात. हवी ती नक्षी निघू शकते हे खरे; पण अकरा टाइल्ससाठी कोणी भट्टी लावत नाही.

मी विचारले, ‘जुन्या वखारीत नाही का मिळणार? वाडे पडतात तेव्हा दारे-खिडक्या, तुळया विकायला येतात, तशा टाइल्स?’ ते म्हणाले, ‘ताई, चुन्यात बसवलेली फरशी सुटून येते. सिमेंटात बसवलेली टाइल फुटूनच येते. म्हणून लाकडाची वखार असते, ग्लेझ टाइल्सची नसते.’ या दोन वाक्यांत बांधकामाचा केवढा इतिहास आहे! चुना मऊ असतो, आपल्यावरचा दगड तो कधीतरी परत देतो. सिमेंट एकदा धरले की सोडत नाही.

घरी परतताना बाबा गप्प होते. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. टाइल जुळवण्याची ही चिंता आजीच्या माहेरी कोणाला होती का? आजी सांगते, तिथे परसदारी मोरी होती. शहाबादी फरशीची. कोपऱ्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब. एखादी फरशी तडकली की गवंडी यायचा, नवी फरशी टाकीने ठोकून मापात आणायचा आणि बसवायचा. नवी फरशी थोडी निळसर, जुनी पावलांनी गुळगुळीत झालेली. ‘रंग जुळत नाही’ अशी तक्रार कोणी केली नाही, कारण मुळात कोणतीही फरशी दुसरीसारखी नव्हतीच. दगड निसर्गतःच निरनिराळा असतो. म्हणजे जुळवण्याचा प्रश्न हा जुनेपणाचा प्रश्न नाहीच. तो सारखेपणाचा प्रश्न आहे. यंत्राने आपल्याला शेकडो वस्तू एकसारख्या करून दिल्या. भिंतभर एक रंग, एक माप, एक चकाकी. मग त्यात एक वस्तू फुटली की सगळी भिंत बिघडल्यासारखी वाटू लागली. ज्या सारखेपणाचे आपल्याला कौतुक वाटते, तोच आपल्याला दुरुस्तीपासून दूर ढकलतो.

याचा अर्थ यंत्राने केलेली वस्तू पुन्हा कधीच मिळत नाही असा नव्हे. जुन्या मुंबईतल्या घरांत आणि इमारतींत नक्षीच्या सिमेंट टाइल्स दिसतात. ‘भारत टाइल्स’ ही कंपनी सिधवा कुटुंबीयांनी १९२२ साली, स्वदेशीच्या काळात, सुरू केली. या टाइल्स भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट हाताने ओततात, दाबयंत्रात दाबतात आणि पाण्यात मुरू देतात. रंग नुसता पृष्ठभागावर नसतो, काही मिलिमीटर खोल असतो. त्यामुळे झिजली तरी नक्षी राहते. अशी टाइल फुटली तर साचा जपलेला असल्यास आजही तिची जोडीदार ओतता येते, कारण ती करणारा हात आणि साचा दोन्ही टिकून आहेत. आमच्या पिस्ता टाइलचे तसे नाही. ती जुळायची तर साऱ्या कारखान्याने मागे यावे लागेल. तेव्हा वस्तू जुनी आहे की नवी याला महत्त्व नाही. ती पुन्हा करण्याची सोय कोणी जपली आहे का, याला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. फाटलेल्या कपड्याला आपल्याकडे दोन उपाय आहेत. एक रफू, दुसरा ठिगळ. रफूगर मूळ कापडाच्या धाग्याशी धागा जुळवून फाटके नाहीसे करतो. ते दिसता कामा नये, यातच त्याचे कौशल्य. ठिगळ उघड असते. गोधडीत तर ते सजावट होऊन बसते. शालूला रफू हवा आणि गोधडीला ठिगळ, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. वाईट काय असते? रफूच्या आविर्भावात लावलेले ठिगळ. पिस्त्याच्या जवळपासचा, पण पिस्ता नसलेला हिरवा रंग. दुकानात तुकड्याशेजारी धरला तेव्हा ‘चालेल’ असा वाटलेला आणि बाथरूमच्या दिव्याखाली चूक म्हणून ओरडणारा. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून राहतात, हा अनुभव साडीला ब्लाउजपीस घेताना प्रत्येकीने घेतलेला असतो. जवळजवळ जुळलेली टाइल फसलेली दिसते. स्पष्ट निराळी टाइल ठरवून लावलेली दिसते. माझे मत एवढेच आहे की, तंतोतंत जुळत असेल तर जुळवावे. जुळत नसेल तर खोटे जुळवू नये, निराळे लावावे, पण विचार करून लावावे.

हे मत माझ्या एकटीचे आहे असे समजू नका. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल १९६४ साली व्हेनिस येथे वास्तुतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या सनदेतले बाराव्या क्रमांकाचे कलम हेच सांगते: नाहीशा झालेल्या भागाच्या जागी जे नवे बसवायचे ते एकूण वास्तूशी सुसंवादी असावे, परंतु ते मूळ भागापासून ओळखूही यावे, म्हणजे इतिहासाचा पुरावा खोटा ठरणार नाही. त्याआधी, १८७७ साली, इंग्लंडात विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली. तिच्या परंपरेतली एक पद्धत मला फार आवडते. जुन्या चर्चच्या भिंतीतला दगड झिजून खड्डा पडला, तर तसाच दगड घडवून बसवण्याऐवजी त्या खड्ड्यात भाजलेल्या मातीच्या चपट्या कौलांचे थर चुन्यात रचतात. भिंत मजबूत होते आणि दुरुस्ती दुरुस्ती म्हणूनच दिसते. कौलांचे हे ठिगळ पाहून कोणी त्या चर्चला दरिद्री म्हणत नाही.

‘अहो, पण कुठे ती शेकडो वर्षांची चर्च आणि कुठे तुमचे बाथरूम!’ असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. आमचे बाथरूम काही ऐतिहासिक वास्तू नव्हे आणि पुरातत्त्व खाते ते पाहायला येणार नाही. परंतु आजोबांनी वरचे पैसे भरून घेतलेल्या रंगाला आमच्या घरापुरता इतिहास आहे, आणि ज्या तीन भिंती अजून धडधाकट आहेत त्यांना केवळ चौथीच्या काही इंचांसाठी शिक्षा का, हा प्रश्न चर्चला आणि बाथरूमला सारखाच लागू पडतो.

मामाच्या मताचाही न्याय्य विचार व्हायला हवा. सगळे उखडणे कधीकधी आवश्यक असते. लाकडी मुठीने भिंतीवर हलके ठोकत जावे. टाइल पोकळ वाजली तर तिने मागचा मसाला सोडलेला असतो. अशा टाइल्स बऱ्याच असतील, किंवा जमिनीखालचा कोबाच निकामी होऊन पाणी खाली झिरपत असेल, तर वरवर ठिगळ लावणे ही स्वतःची फसवणूक आहे, आणि खालच्या काकूंचीही. पण आमच्या भिंतीत पोकळ वाजल्या फक्त चार, त्याही फुटलेल्यांच्या लगतच्या. त्यांच्यामागे मसाला भरून घेता आला. दुखणे पाइपाचे होते आणि पाइप बदलून झाला होता. मग उखडण्याचे कारण उरले एकच: लोक काय म्हणतील? या कारणासाठी सव्वा लाख रुपये, तीन आठवडे आणि काही पोती राडारोडा! हा राडारोडा आपल्या दारातून गेला की संपला असे आपल्याला वाटते. तो नदीकाठी, ओढ्यात, टेकडीच्या पायथ्याशी जाऊन पडलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. भाजलेली टाइल कुजत नाही. उत्खननात सापडणारी खापरे हजारो वर्षांनंतरही खापरेच असतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

आमच्याकडे शेवटी काय झाले ते सांगते. जुन्या दुकानदारांकडे साध्या पांढऱ्या १५ सेंटिमीटरच्या टाइल्स निघाल्या. त्यांनीच एका मिस्त्रींचे नाव सुचवले. मिस्त्रींनी भिंत पाहिली, पट्टी लावली, बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, ‘काका, अकरा नका लावू. चौदा लावू. नळाखालच्या तीन चांगल्या आहेत, त्या जपून काढतो. खालपासून वरपर्यंत एक सरळ पांढरा पट्टा येईल. मग ते तोडलेले दिसणार नाही.’ बाबांचा चेहरा बदललेला मी पाहिला. इतके दिवस आम्ही अकरा टाइल्सचा विचार करत होतो. त्यांनी भिंतीचा केला.

ते काम पाहणे हा मला एक पाठच वाटला. आधी त्यांनी त्या तीन टाइल्सभोवतीचे सांधे बारीक पात्याने कापून मोकळे केले, मग आधीच उघड्या पडलेल्या बाजूने छिन्नी घालून एकेक अलगद उचकटली. तिसरी फुटली, पण दोन अखंड निघाल्या. नंतर मागचा गिलावा तीन मिलिमीटर खोल तासून घेतला, म्हणजे जाड टाइल जुन्यांच्या पातळीत बसेल. प्रत्येक पांढऱ्या टाइलखाली दोन मिलिमीटरची फट सोडत गेले, त्यामुळे मापातला फरक सांध्यांत जिरला आणि चौदाच्या चौदा आडव्या रेषा शेजारच्या रेषांना मिळाल्या. शेवटी त्यांनी नुसत्या नव्या पट्ट्याचेच नव्हे, तर चारही भिंतींचे सांधे खरवडून एकाच रंगाच्या ग्राउटने भरले. म्हणाले, ‘नजर आधी टाइल बघत नाही, रेघा बघते. रेघा एक झाल्या की भिंत एक.’ दोन दिवसांची मजुरी आणि सामान मिळून खर्च आठ हजारांच्या आत.

या कामात आमचा एक दोषही उघडा पडला. आम्ही समजत होतो की टाइल्स जुन्या झाल्या म्हणून त्यांचा रंग उडाला. मिस्त्रींनी दाराआडची, फारसे पाणी न लागणारी टाइल पुसून दाखवली. तिचा पिस्ता ताजा होता. भाजलेल्या झिलईचा रंग असा सहजासहजी उडत नाही. वर्षानुवर्षे दर दिवाळीला आम्ही ॲसिडने बाथरूम घासत आलो. त्याने पांढरे क्षार गेले, पण झिलईची चकाकीही खाल्ली आणि सांध्यांतले सिमेंटही. काळावर ढकललेले पुष्कळसे नुकसान आमच्याच हातचे होते.

या अनुभवातून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कोणाच्या घरी नवे काम निघाले असेल, तर लागतील त्याहून एक खोके टाइल्स जास्त घ्याव्यात आणि खोक्यावरच्या शेड-लॉटच्या छापासकट माळ्यावर ठेवाव्यात. भिंत बंद करण्याआधी आतल्या पाइपांचा फोटो काढून ठेवावा. जुन्याला जोड शोधायची असेल, तर तुकडा दुकानात नेण्यापेक्षा दुकानातली टाइल घरी आणून, बाथरूमच्याच दिव्याखाली, ओली करून पाहावी. आणि मुख्य म्हणजे, उखडायचे की राखायचे हे ठरवण्याआधी ज्याच्याकडे उखडण्याचे कंत्राट जाणार आहे त्याला विचारू नये. ज्याला डागडुजी येते त्याला विचारावे. दुर्दैवाने अशी माणसे कमी होत चालली आहेत, कारण आपण त्यांना कामच देत नाही. नवे करणाऱ्याला आपण लाख रुपये न कुरकुरता देतो आणि जुने राखणाऱ्याच्या दोन दिवसांच्या मजुरीवर घासाघीस करतो. राखण्याला तोडण्यापेक्षा जास्त अक्कल लागते, हे मी त्या दोन दिवसांत डोळ्यांनी पाहिले आहे.

आपण, आर्ट्‌सचे विद्यार्थी, जुन्याबद्दल पुष्कळ बोलतो. जुनी हस्तलिखिते, जुने शब्द, जुने वाडे जपावेत असे निबंध लिहितो. पण आपल्या घरातली एखादी वस्तू फुटली की पहिला विचार तिला घालवण्याचा येतो. कारण ठिगळ म्हणजे गरिबी, असे कुठेतरी मनात घट्ट बसले आहे. मला ते पटेनासे झाले आहे. विचार न करता केलेले ठिगळ ओंगळ असते, हे खरे. पण विचार न करता केलेले नवे कामही ओंगळच असते, फक्त महाग असते.

भाऊबिजेला मामा आला तेव्हा त्याने बाथरूम पाहिले. पट्टा त्याला फारसा आवडला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले. तो काही बोलला नाही. आजीला विचारले, तर ती म्हणाली, ‘मला आता नळ बरोबर सापडतो, पांढऱ्याच्या खाली असतो ना!’ तिच्या एका डोळ्याला नीट दिसत नाही आणि पिस्ता भिंतीवरचा पितळी नळ ती इतकी वर्षे हाताने चाचपडत होती, हे आम्हांला कोणालाच माहीत नव्हते.

काढलेल्या दोन पिस्ता टाइल्स वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. पुढे कुठे दोन फुटल्या, तर तेवढ्यापुरता रफू होईल. तिसरी फुटली, तर पुन्हा ठिगळ लावू.